भूल देण्याची विद्या आणि भुलणारे पालक

आमच्या घराण्याचीं दोन घरें आहेत. एक अमरावतीस अंबादेवीच्या देवळापासून हांकेच्या अंतरावर, आणि दुसरें अकोल्यास. मधलें शंभर किलोमीटरांचें अंतर सुखदुःखाच्या प्रसंगीं आम्हांस कधीं जाणवलें नाहीं. एका घरांत कांहीं प्रश्न उपस्थित झाला कीं दुसऱ्या घरांतील वडील माणसांची झोंप उडालीच म्हणून समजावें. गेल्या उन्हाळ्यांत ती अशीच उडाली. अकोल्याच्या माझ्या धाकट्या भावाची नात बारावीच्या परीक्षेंत चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाली, आणि पेढे वाटून होतात न होतात तोंच तिनें जाहीर केलें कीं, "मला भूल देणारी नर्स व्हायचें आहे."

नर्स हा शब्द आम्हांस ठाऊक. भूल देणारे डॉक्टर हेहि ठाऊक. परंतु ह्या दोहोंचा समास आम्हीं कधीं ऐकिला नव्हता. चौकशी करतां कळलें कीं, मुलीच्या मावसबहिणीची एक मैत्रीण अमेरिकेंत आहे. तिकडे परिचारिकाच भूल देतात, त्यांना मान मोठा व वेतनहि मोठें, असें तिनें कळविलें होतें. त्याच आठवड्यांत वर्तमानपत्राच्या घडींतून एक रंगीत पत्रक घरांत येऊन पडलें. त्यांत एक वर्षाचा अभ्यासक्रम, 'ॲनेस्थेशिया नर्सिंग'चें प्रमाणपत्र आणि नोकरीची हमी दिलेली! ह्या दोन गोष्टींची गांठ पडली आणि मुलीचा निश्चय पक्का झाला. भावानें मला फोन केला, "दादा, तुम्हीं सारें आयुष्य शाळेंत घालविलेंत. मुलीला कोठें घालावें हें तुम्हींच सांगा."

मीं पत्रक मागवून घेतलें आणि चष्मा पुसून दोनदां वाचलें. शेजारीं आमची आक्का वाती वळीत बसली होती. तिचें शिक्षण चौथीपर्यंतचें. तिनें मान वर न करतांच विचारलें, "कां रे, भूल तर डॉक्टर देतात ना? मग हिला ती देऊं देतील का?"

'तुला ह्यांतलें काय कळतें' हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. परंतु तेवढ्यांत एक जुनी गोष्ट मला आठवली आणि मी गप्प राहिलों. ती गोष्ट पुढें येईलच. पुढील दोन महिन्यांत ह्या विषयाची जी चौकशी मीं केली, तिचें सार इतर घरांतील वडील मंडळींच्या उपयोगीं पडावें म्हणून हा लेख लिहीत आहें.

प्रथम भूल ही काय वस्तु आहे तें पाहूं. झोंप आणि भूल ह्यांत महदंतर आहे. झोंपलेल्या माणसाला चिमटा काढला तर तो जागा होतो, त्याचा श्वास आपोआप चालतो, आणि घशांत कांहीं गेलें तर त्याला ठसका लागतो. पूर्ण भूल दिलेल्या माणसाच्या देहाचे हे सगळे पहारेकरी एकदमच रजेवर जातात. कित्येक शस्त्रक्रियांत स्नायू शिथिल करण्याचें औषध देतात; मग श्वासहि बंद पडतो आणि घशांत नळी घालून तो यंत्रानें चालवावा लागतो. पोटांतील अन्न उलटून श्वासनलिकेंत गेलें तर रोग्याला तें कळतहि नाहीं. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वीं साधारणतः सहा तास अन्न व दोन तास पाणीसुद्धां वर्ज्य करावयास सांगतात. दुधाचा चहा हा ह्या हिशेबीं पाण्यांत मोडत नाहीं. 'घोटभर चहानें काय होतें' असें म्हणणारीं मायाळू माणसें प्रत्येक घरांत असतात. त्यांनीं हें अवश्य ध्यानांत ठेवावें. दुसरी भूल कंबरेंत सुई टोंचून खालचें अर्धें शरीर बधिर करण्याची. पोट उघडून बाळंतपण करावयाचें असलें म्हणजे बहुधा हीच देतात. हींत मनुष्य जागा असतो, परंतु रक्तदाब एकाएकीं उतरूं शकतो. तात्पर्य, भूल देणाराचें खरें काम निजविणें हें नव्हे; निजलेल्याला जिवंत राखून पुन्हां जागें करणें हें आहे.

शस्त्रवैद्यकांत ही गरज आपल्याकडे फार पूर्वीं ओळखली गेली होती. वेदना जाणवूं नये म्हणून शस्त्रकर्मापूर्वीं मद्य पाजण्याचा उपाय सुश्रुतसंहितेंत सांगितलेला आहे. आजच्या भूलशास्त्राचा जन्म मात्र १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं अमेरिकेंत बॉस्टन येथें झाला. त्या दिवशीं मॉर्टन नांवाच्या दंतवैद्यानें ईथर हुंगवून एका रोग्याला निश्चेष्ट केलें व शस्त्रक्रिया पार पडली. १८४७ च्या मार्चमध्यें ती विद्या कलकत्त्यास पोंचली. पुढें आपलें वऱ्हाड ज्या निजामाच्या मुलखाचा नांवापुरता भाग होतें, त्याच्याच राजधानींत १८८८ व १८८९ ह्या वर्षीं क्लोरोफॉर्मच्या परीक्षेसाठीं दोन आयोग बसले, आणि हैदराबाद हें नांव जगभरच्या वैद्यकांत दुमदुमलें. त्याच हैदराबादेंत डॉ. रूपाबाई फर्दुनजी ह्या पारशी विदुषी रोग्यांना क्लोरोफॉर्म देत असत. जगांतील पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचें नांव घेतलें जातें. तेव्हां भूल देणें हें स्त्रीचें काम नव्हे, असें म्हणण्यास आपल्याकडे तरी जागा नाहीं.

परंतु रूपाबाई ह्या डॉक्टर होत्या, परिचारिका नव्हत्या. अमेरिकेंत हें काम परिचारिकांकडे कसें गेलें, ह्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. आरंभीं तेथें भूल देण्यास वैद्यकीचे विद्यार्थी उभे करीत. त्यांचें सारें लक्ष शस्त्रक्रियेकडे, कारण त्यांना ती शिकावयाची असे. रोग्याच्या श्वासाकडे पाहण्यास कोणाला सवड नसे. तेव्हां चतुर शस्त्रवैद्यांनीं हें काम जोगिणींकडे व परिचारिकांकडे सोंपविलें, कारण त्यांची दृष्टि रोग्यावर असे. पेनसिल्व्हेनियांतील एरी गांवच्या रुग्णालयांत सिस्टर मेरी बर्नार्ड ह्यांनीं १८७७ मध्यें हें काम हातीं घेतलें. मिनेसोटांतील मेयो बंधूंच्या रुग्णालयांत ॲलिस मॅगॉ नांवाच्या परिचारिकेनें १४ हजारांहून अधिक रोग्यांना भूल दिली, आणि तींत भुलेमुळें एकहि मृत्यु घडला नाहीं असा वृत्तांत १९०६ मध्यें प्रसिद्ध केला. १९३१ मध्यें ॲगाथा हॉजिन्स ह्यांनीं अशा परिचारिकांची राष्ट्रीय संघटना स्थापिली. म्हणजे मैत्रिणीनें कळविलेलें खोटें नव्हतें.

तें खरें होतें, पण अर्धेंच होतें. तेथें ही विद्या शिकण्यास प्रथम नर्सिंगची पदवी व परिचारिकेची नोंदणी लागते. मग अतिदक्षता विभागांत निदान एक वर्ष पूर्ण वेळ काम केलेलें असावें लागतें, आणि तो अनुभव अमेरिकेंतील किंवा अमेरिकन लष्कराच्या रुग्णालयांतील असावा लागतो. आमच्या अकोल्याचा किंवा नागपूरचा तेथें जमेस धरीत नाहींत. जानेवारी २०२२ पासून नव्या विद्यार्थ्यांना डॉक्टरेटच्या दर्जाचाच अभ्यासक्रम घ्यावा लागतो, व तो तीन वर्षांहून कमी नसतो. त्या मुदतींत स्वतःच्या हातानें निदान ६०० रोग्यांना भूल देणें व २००० तास रुग्णालयांत काम करणें बंधनकारक आहे. मग राष्ट्रीय परीक्षा. येथून निघणाऱ्या मुलीनें हिशेब मांडला तर चार वर्षें येथील पदवीचीं, नंतर तिकडील परिचारिकेची परीक्षा, परवान्याची प्रतीक्षा, तेथील अनुभव आणि शेवटीं हीं तीन वर्षें. दहा-बारा वर्षांखालीं हा हिशेब येत नाहीं. अन्य देशांतहि अशा परिचारिका आहेत. फ्रान्समध्यें नर्सिंगनंतर दोन वर्षांचा व स्वीडनमध्यें एक वर्षाचा जादा अभ्यास त्यांना करावा लागतो. परंतु इंग्लंडांत ही प्रथा रुजली नाहीं, आणि आपलें वैद्यक इंग्रजी वळणावर घडलेलें.

आपल्या देशांत भूल देणें हें डॉक्टरचें काम आहे. एम. बी. बी. एस. झाल्यावर तीन वर्षांची एम. डी. किंवा दोन वर्षांची पदविका घेऊन भूलतज्ज्ञ होतां येतें. खेडोपाडीं भूलतज्ज्ञ मिळेनात, अडलेल्या बाळंतिणींचे प्राण जाऊं लागले, तेव्हां सरकारनें अठरा आठवड्यांचें एक विशेष शिक्षण काढलें. परंतु तेंहि एम. बी. बी. एस. डॉक्टरांसाठींच. इतकी निकड असतांहि परिचारिकेच्या हातीं स्वतंत्रपणें भूल देण्याचा अधिकार येथें दिलेला नाहीं. हें योग्य कीं अयोग्य हा वाद विद्वानांचा. आपल्या मुलीचें पाऊल टाकण्यापूर्वीं पालकांस एवढें कळलें पाहिजे कीं, आक्काच्या प्रश्नाचें उत्तर 'नाहीं, देऊं देणार नाहींत' असेंच आहे.

आतां ती जुनी गोष्ट सांगतों. मला ती सांगण्याचा संकोच वाटतो, पण ती टाळली तर ह्या लेखास अर्थ राहणार नाहीं.

पंधराएक वर्षांपूर्वीं दर्यापुराकडील माझा एक जुना विद्यार्थी मुलीला घेऊन माझ्याकडे आला. तो शेतकरी, दोन एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. मुलीला नर्स करावयाचें होतें. त्याच्यापाशीं दोन माहितीपत्रकें होतीं. एक सरकारी छापाचें, मळकट कागदाचें, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाचें. दुसरें एका खासगी संस्थेचें, गुळगुळीत, दोन वर्षांत सर्व शिकविण्याचें. त्या दुसऱ्याच्या मुखपृष्ठावर एक संस्कृत ब्रीदवाक्य होतें. मीं संस्कृताचा अभ्यासी. तें वाक्य वाचलें, संधि तपासला, विभक्ति तपासली. चूक एकहि नव्हती. आंतील मराठीहि निर्दोष. जी संस्था भाषेची एवढी शुद्धता राखते ती शिक्षणाचीहि राखीत असेल, असा निवाडा मीं मास्तरी थाटांत दिला. त्यानें शेतावर कर्ज काढून पैसे भरले. दोन वर्षांनीं मुलगी तें प्रमाणपत्र घेऊन नोकरीस गेली, तेव्हां तिला सांगण्यांत आलें कीं, ह्या कागदावर परिचर्या परिषदेची नोंदणी होत नाहीं. नोंदणी नाहीं म्हणजे ती नर्स नाहीं. तिला मदतनिसाचें काम मिळालें, चादरी बदलण्याचें.

बाप माझ्याकडे आला. मी रागाच्या शब्दांची वाट पाहत होतों. तो ओट्याच्या कडेला बसला आणि खालीं पाहून म्हणाला, "तुमी म्हनलं म्हनून तं पोरीले तिथं टाकलं जी, गुरुजी." रागावला असता तर बरें झालें असतें. पुढें त्या मुलीनें पुन्हां पहिल्यापासून तीन वर्षांचें नर्सिंग केलें. पहिल्या वर्षाचें शुल्क मीं माझ्या पगारांतून दिलें. पण तिचीं गेलेलीं दोन वर्षें परत देणें माझ्या हातांत नव्हतें.

म्हणून ह्या वेळीं पत्रक हातीं येतांच मी प्रथम कोणाकडे गेलों असेन, तर तिच्याकडे. आज ती एका मोठ्या रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहांत सिस्टर आहे. भाऊ, त्याची नात आणि मी असे तिघे एका रविवारीं तिच्या घरीं गेलों. तिनें मला वांकून नमस्कार केला तेव्हां मला वर पाहवलें नाहीं. मागच्या गोष्टीचा तिनें उच्चारहि केला नाहीं. पत्रक वाचून ती आमच्या मुलीला एवढेंच म्हणाली, "बाळा, ह्यांत काय काय शिकवतात तें लिहिलेंय. शिकून झाल्यावर तुला काय करूं देतील तें कुठें लिहिलेंय, दाखव."

तें कोठेंच लिहिलेलें नव्हतें.

मग तिनें वाटा समजावून दिल्या. पहिली वाट नर्सिंगची. बी. एस्सी. नर्सिंग चार वर्षांचें, अथवा जी. एन. एम. तीन वर्षांचें, त्यानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी. ती झाल्यावर ज्यांना शस्त्रक्रियागृहाची किंवा अत्यवस्थ रोग्यांची आवड असेल त्यांना एक वर्षाची पदविका आहे. बी. एस्सी. झालेल्यांना अत्यवस्थ रोग्यांच्या शुश्रूषेचा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रमहि आहे. भारतीय परिचर्या परिषदेनें तो सुरू केला असून, भूल देणाऱ्या परिचारिकेच्या विद्येला आपल्याकडे सर्वांत जवळ असेल तर हाच. दुसरी वाट भूल-तंत्रज्ञाची. हा भूलतज्ज्ञ डॉक्टरचा उजवा हात. यंत्र, नळ्या, प्राणवायु, औषधें सिद्ध ठेवणें हें त्याचें काम. २०२१ च्या कायद्यानें ह्या व्यवसायाला नांव व नोंदणीची तरतूद मिळाली आहे. काम सन्मानाचें आहे. पण ही पदवी घेतलेला नर्स होत नाहीं व नर्सच्या जागीं लागत नाहीं. तिसरी वाट डॉक्टर होऊन भूलतज्ज्ञ होण्याची. ज्या मुलीला ह्याच देशांत स्वतः भूल द्यावयाची आहे तिला ह्याच वाटेनें गेलें पाहिजे. बडनेरा स्टेशनावर शेजारीं शेजारीं दोन गाड्या उभ्या असतात. पाटी न वाचतां चढलें तर नागपुराऐवजीं भुसावळास पोंचण्याची पाळी येते. गाडींत जागा चांगली मिळाली म्हणून गांव बदलत नाहीं.

वाट ठरल्यावर संस्था कशी पारखावी? सिस्टरनें सांगितलेलें, मीं ठिकठिकाणीं विचारलेलें आणि ठेंच लागून शिकलेलें असें सर्व येथें एकत्र देतों.

मान्यता माहितीपत्रकांत वाचूं नये. मान्यता देणाऱ्याच्या यादींत वाचावी. नर्सिंगची पदवी आपल्याकडे नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते; हें विद्यापीठ १९९८ मध्यें स्थापन झालें. विद्यापीठ आणि परिचर्या परिषद ह्या दोन्ही ठिकाणच्या चालू वर्षाच्या याद्यांत संस्थेचें नांव, गांव आणि अभ्यासक्रम हीं तिन्ही जुळलीं पाहिजेत. एका अभ्यासक्रमाच्या मान्यतेवर शेजारचे दोन विकणारे लोक आहेत.

दुसरें, महाविद्यालय पाहण्यापूर्वीं त्याचें रुग्णालय पाहावें. रोग्यांवांचून नर्सिंग शिकणें म्हणजे पाण्यावांचून पोहणें शिकणें होय. सकाळीं नऊ-दहाच्या सुमारास जाऊन बाह्यरुग्ण विभागांत तासभर बसावें. अमरावतीचें इर्विन आणि बायकांचें डफरीन, अकोल्याचें सर्वोपचार व लेडी हार्डिंग येथील गर्दी ज्यांनीं पाहिली आहे त्यांना मी काय म्हणतों तें कळेल. मेळघाटांतून धारणी-चिखलदऱ्याकडील माणूस खालीं येतो तो इर्विन-डफरीनच्या दारीं. अकोल्यास २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख ह्यांच्या नांवाचें वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून चालू असून, २०२४ मध्यें शासकीयहि सुरू झालें. जेथें वैद्यकीय महाविद्यालय आहे तेथें बहुधा भूलशास्त्राचा विभाग, अतिदक्षता विभाग व रात्रंदिवस चालणारें शस्त्रक्रियागृह असतें. अशा ठिकाणीं उभें राहावयास मिळालें तर मुलीचे डोळे शिकतात. दहा खाटांच्या दवाखान्याच्या आधारावर काढलेल्या संस्थेंत तें मिळणार नाहीं, मग तिची इमारत कितीहि मजली असो.

तिसरें, विद्यार्थिनींना विचारावें; आणि तें कार्यालयांत नव्हे, फाटकाबाहेर. व्हेंटिलेटरवरच्या रोग्याजवळ तुम्हांला कोण उभें करतें? जवळ शिकविणारी सिस्टर असते, कीं रात्रपाळीस माणूस कमी आहे म्हणून तुम्हांस एकट्या सोडतात? पहिल्यास शिक्षण म्हणतात. दुसऱ्यास फुकटची चाकरी म्हणतात.

चौथें, निकाल विचारतांना दोन आंकडे विचारावे. किती उत्तीर्ण झाल्या हा एक. आणि प्रवेश किती जणींनीं घेतला होता हा दुसरा. शेंकडा शंभर निकालाच्या मागें मधेंच गळालेल्या मुली लपलेल्या असतात. शाळेंतहि आम्ही कच्चा विद्यार्थी परीक्षेस न बसवून निकाल उजळ करीत असूं, हें आतां कबूल करण्यास हरकत नाहीं. अमेरिकेंत भूल-परिचारिकांच्या प्रत्येक अभ्यासक्रमास गळतीचें, परीक्षेच्या निकालाचें व नोकरीचें प्रमाण जाहीर करावें लागतें. आपणहि तें तोंडी कां विचारूं नये?

पांचवें पैशांचें. शुल्काशिवाय वसतिगृह, गणवेश, परीक्षा ह्यांचा खर्च लेखी घ्यावा. मूळ प्रमाणपत्रें अडकवून ठेवण्याची अट असेल, किंवा शिक्षणानंतर अमुक वर्षें आमच्याकडेच चाकरी करावी असा करार असेल, तर तो घरांतील चार माणसांनीं वाचल्याशिवाय सही करूं नये. आणि नोकरीची हमी देणाऱ्यास फक्त मागच्या तीन तुकड्यांतील मुली आज कोठें आहेत तें विचारावें. हमीचा खरेपणा तेथेंच कळतो.

त्या रविवारीं आमच्या मुलीनें सिस्टरला एक प्रश्न विचारला. "ताई, भूल तुम्हांला देतां येत नाहीं, ह्याचें वाईट नाहीं का वाटत?" ती थोडी थांबली. म्हणाली, "भूल डॉक्टर देतात. पण टेबलावरून खालीं आल्यावरचा पहिला अर्धा-पाऊण तास पेशंट माझ्यासमोर असतो." मग तिनें मेळघाटांतील एका म्हाताऱ्याची हकीकत सांगितली. आंतड्याची शस्त्रक्रिया सुरळीत झाली, घशांतील नळी काढली, बाहेर आणला. डॉक्टर पलीकडे दुसऱ्या रोग्यापाशीं होते. म्हाताऱ्याची छाती हलत होती, पण तोंडाशीं हात धरला तर वारा लागेना. जीभ मागें पडून वाट बुजली होती. तिनें दोन्ही हातांनीं जबडा पुढें उचलला, प्राणवायु लावला, डॉक्टरांना हांक मारली. घरघर झाली आणि श्वास चालू झाला. "छाती हलते म्हणजे श्वास चालतो असें नसतें, एवढें मला कोणी तरी हात धरून शिकवलें होतें. त्या पहिल्या ठिकाणीं तें शिकवलें नव्हतें." मागच्या गोष्टीचा तिनें केलेला उल्लेख एवढाच. आमची मुलगी परतीच्या वाटेवर फारशी बोलली नाहीं.

घरीं आल्यावर खरी लढाई झाली. रात्रपाळी, परक्यांचे मलमूत्र, उद्यां लग्नाच्या वेळीं काय सांगणार, अशा शंका अकोल्याच्या घरांतून निघाल्या. त्यांना उत्तर मीं दिलें नाहीं, आक्कानें दिलें. आमच्या आजोबांची एक चुलत बहीण बालविधवा होती. रमाबाई रानडे ह्यांच्या पुढाकारानें १९०९ मध्यें पुण्यास सेवासदन निघालें, आणि त्या संस्थेनें ससून रुग्णालयांत परिचारिकेचें शिक्षण घेण्यास मुली व विधवा पाठविल्या. आपल्याच समाजांतून त्यांना काय काय ऐकून घ्यावें लागलें ह्याच्या गोष्टी जुन्या घरांत अजून निघतात. आमची ही आजी तेथें शिकून परत आली तेव्हां तिचें पान कांहीं दिवस निराळें मांडीत असत. मग १९१८ चा इन्फ्ल्युएंझा आला. वऱ्हाडांत त्यानें हाहाकार उडविला. घरांतील अकरा माणसें एका वेळीं अंथरुणावर. उभी एकटी ती. "त्यानंतर," आक्का म्हणाली, "तिच्या पानाची गोष्ट कोणी काढली नाहीं." आक्कानें हें तिच्या आईकडून ऐकिलेलें. एवढें सांगून ती पुन्हां वाती वळूं लागली, आणि रात्रपाळीचा विषय तेथेंच संपला.

चरकाचार्यांनीं चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा आणि स्वतः रोगी. शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगीं उपचाराचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं प्रेम व शुचिता हे चार गुण असावेत, असें त्यांचें मत आहे. ह्यांतील पहिले दोन चांगली संस्था देऊं शकते. मागचे दोन मुलगी घरून नेते. म्हणून घरानें आपली बाजू तपासावी आणि संस्थेची बाजूहि तितक्याच कसोशीनें तपासावी. एकीचें अपयश दुसरीच्या यशानें भरून निघत नाहीं.

मुलीनें शेवटीं नर्सिंगच्या पदवीची वाट धरली. सामाईक प्रवेश परीक्षा दिली, गुणानुक्रमानें जागा मिळाली, आणि आतां ती अमरावतीस आमच्याच घरीं राहून शिकत आहे. पदवीनंतर अत्यवस्थ रोग्यांच्या शुश्रूषेचा अभ्यासक्रम घ्यावयाचा कीं अमेरिकेची वाट चालावयाची, हें तिनें चार वर्षांनीं ठरवावें असें आम्हीं ठरविलें. तोंवर तिला हें ठाऊक झालेलें असेल कीं, तिला त्या कामाची ओढ आहे कीं त्या कामाच्या नांवाची. पहिल्या महिन्यांतच तिनें आक्काला शस्त्रक्रियेपूर्वींच्या उपवासाचे नियम समजावून सांगितले. आक्का म्हणाली, "मग मला एकादशीला केव्हांहि भूल द्या, मी तयारच असतें." तेव्हां साबुदाण्याची खिचडीहि चालत नाहीं, हें ऐकून मात्र ती विचारांत पडली.

तें रंगीत पत्रक अजून माझ्या मेजाच्या खणांत आहे. कोणी पालक सल्ला विचारावयास आले कीं मी तें बाहेर काढून त्यांच्या हातीं देतों, आणि आक्काचा प्रश्न त्यांना विचारतों. पत्रकांत व्याकरणाची चूक एकहि नाहीं.